बाळ रडलं नाही, तेव्हा खोलीत कोण होतं? गडचिरोलीतल्या सुइणी आणि आरोग्यदूत

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर हाताशी वेळ फार थोडा असतो. पहिल्या मिनिटात त्याला पुसून, चोळून, नाका-तोंडातला चिकटा काढून श्वास सुरू करायचा. तरीही श्वास आला नाही तर बाहेरून हवा द्यायची. आणि याच वेळी आईची वार पडायची बाकी असते, रक्त जात असतं, ती थकून गेलेली असते. घरच्या बाळंतपणात हे सगळं एकाच बाईने बघायचं असतं: सुईणीने. तिच्यापुढे दोन जीव असतात आणि तिला हात दोनच.

सुईणीच्या प्रशिक्षणाबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलं. त्यातला बहुतेक वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: सुईणीला शिकवून उपयोग होतो का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. का, ते गडचिरोलीत १९९३ ते २००३ या काळात जे घडलं त्यावरून नीट दाखवता येतं, कारण तिथे एकाच परिसरात, एकाच संस्थेच्या देखरेखीखाली, आधी सुईण एकटी होती आणि नंतर ती एकटी राहिली नाही. दोन्ही काळांतल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी आहेत. अशी तुलना सहसा मिळत नाही.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, गोंड-माडिया वस्त्या, धानाची शेती. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं दोन गावांतल्या स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार तोवर गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांच्या पलीकडे जात नव्हता. इतकी दुखणी घेऊन बायका गप्प होत्या, आणि ज्यांच्याशी त्या बोलत होत्या त्यांत सुईण होती. अंगावरून जाणं, पाळी चुकणं, मूल न होणं, पोट पाडणं, हे विषय पुरुष डॉक्टरपुढे निघत नाहीत, सुईणीपुढे निघतात. म्हणून सुईण ही या कामात पहिल्यापासून आत होती. तिला फक्त बाळंतपण करणारी बाई म्हणून कोणी बोलावलं नव्हतं.

त्या काळात देशात सरकारी दाई-प्रशिक्षण योजना होती. १९७० च्या दशकापासून लाखो दायांना शिकवलं गेलं. भर स्वच्छतेवर होता: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेवर काही लावायचं नाही. हे शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. नवजात बाळांचा धनुर्वात या देशात एके काळी मोठा मारेकरी होता. भारत त्यातून बाहेर पडल्याचं २०१५ साली जाहीर झालं, त्यात गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनांबरोबर स्वच्छ नाळ कापण्याचाही वाटा आहे आणि तो सुइणींच्या हातून झाला. पण योजनेचा साचा ठरलेला होता. थोड्या दिवसांचं शिबिर, एक पेटी, आणि मग घरी. पेटीतलं सामान संपल्यावर ते कोण भरणार, सुईणीचं काम कोण बघणार, तिने पाठवलेल्या बाईला दवाखान्यात कोण विचारणार, याची उत्तरं कागदावर होती. गावात क्वचितच पोचली.

मणी आणि वाळू

नवजात बाळांच्या कामाआधी सर्चने लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं होतं. त्यातला एक भाग या प्रकरणात सांगायलाच हवा, कारण सुईणीकडून काय अपेक्षा ठेवता येते हे तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पॅरामेडिकल कार्यकर्ता घड्याळ लावून मोजतो. बहुतेक सुइणी निरक्षर होत्या. साठपर्यंत सलग मोजणं आणि त्याच वेळी सेकंद-काट्याकडे बघणं त्यांना जमणारं नव्हतं. नेहमीचा निष्कर्ष असा निघाला असता की हे काम सुईणीचं नाही. सर्चने एक साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याच्यासोबत दोन ओळींत ओवलेले मणी, एक ओळ अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर श्वास जलद आहे, औषध द्यायचं. दहापर्यंत मोजता येणारी कुठलीही बाई हे करू शकते.

या न्यूमोनिया कार्यक्रमात पॅरामेडिकल कार्यकर्ते, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी असे तीन प्रकारचे लोक कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक देत होते. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. सुइणींनी हाताळलेल्या न्यूमोनियावर वेगळा लेख १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. निरक्षर सुईण न्यूमोनिया ओळखून त्यावर उपचार करू शकते, हे त्यातून दिसलं.

या अनुभवातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, सुईणीची मर्यादा बऱ्याचदा तिच्या हातात दिलेल्या साधनाची मर्यादा असते. दोन, तिला बाळापर्यंत जी वाट मोकळी होती ती इतरांना नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कार्यकर्ता जाऊ शकत नाही. पहिले काही दिवस बाळ-बाळंतीण बाहेर येत नाहीत. आणि बाळ मरतं ते बहुधा याच दिवसांत.

एकटी सुईण: १९९३ ते १९९५

नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग ३९ गावांत आखला गेला. तुलनेसाठी आणखी ४७ गावं होती. प्रयोगाच्या गावांची लोकसंख्या सुमारे ३९ हजार. सुरुवातीची दोन वर्षं, १९९३ ते १९९५, आधाररेषेची, म्हणजे नवा उपाय सुरू करण्याआधीची स्थिती नोंदण्याची. या काळात प्रशिक्षित सुईण घरी बाळंतपण करत होती आणि बाळ गुदमरलेलं असेल तर तोंडाने श्वास देत होती. तसं तिला शिकवलेलं होतं.

प्रयोगाच्या गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण तेव्हा दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होतं. म्हणजे महिनाभराचं होण्याआधीच सोळातलं एक बाळ जात होतं. पुढे १९९५-९६ मध्ये ७६३ बाळांवर घरी जाऊन लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा कळलं की ९५ टक्के जन्म घरी होत होते, ४२ टक्के बाळं जन्मतः कमी वजनाची होती, निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदत लागेल अशी काही ना काही तक्रार होती, आणि डॉक्टरपर्यंत पोचलेली बाळं होती फक्त २.६ टक्के. रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के.

सुईणीने तोंडाने दिलेल्या श्वासाचा परिणाम किती झाला? गुदमरल्यामुळे होणारे बाळांचे मृत्यू त्याने १२ टक्क्यांनी कमी झाले. इथे थांबलं असतं तर हे प्रकरण 'सुईणीच्या प्रशिक्षणाचा फारसा उपयोग नाही' या यादीत गेलं असतं. त्या काळात जगाचा कल तिकडेच होता. १९९७ साली कोलंबोला सुरक्षित मातृत्वावर जी आंतरराष्ट्रीय बैठक झाली, त्यानंतर जोर 'कुशल प्रसूती सहायका'वर, म्हणजे नर्स, परिचारिका-सुईण आणि डॉक्टर यांच्यावर गेला आणि पारंपरिक सुईणीसाठीचा निधी आणि लक्ष ओसरत गेलं.

पण १२ टक्केच का? माझ्या मते याचं उत्तर सुईणीच्या बुद्धीत किंवा इच्छेत शोधणं अन्यायाचं आहे. हिशोब करून बघा. ३९ हजार लोकसंख्येच्या ३९ गावांत एका गावामागे वर्षाला साधारण वीस-पंचवीस जन्म येतात. त्यांतली तीव्र गुदमरलेली बाळं शंभरात पाचाच्या आसपास धरली, तर गावात वर्षाला असं एखादं बाळ जन्मतं. गावात दोन-तीन सुइणी असतील तर एकीच्या वाट्याला दोन-तीन वर्षांतून एक. शिबिरात बाहुलीवर शिकलेली कृती दोन वर्षांनी, मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात, पहिल्यांदा खऱ्या बाळावर करायची. रुग्णालयातल्या डॉक्टरलाही हे कौशल्य टिकवायला सराव लागतो. त्याला तो रोज मिळतो.

शिवाय सुईणीचं लक्ष आईकडे असतं, आणि ते असायलाच हवं. भारतातल्या अनेक भागांत वार पडेपर्यंत बाळाला बाजूला ठेवून देण्याची पद्धत होती. न रडणाऱ्या बाळासाठी नाळ न कापता वार शेकण्याचीही होती. बाहेरून बघणारे याला अडाणीपणा म्हणतात. एकट्या बाईला आधी आईचं रक्त थांबवायचं असेल तर तिचा क्रम असाच लागणार. आईला वाचवण्याचा तो क्रम आहे. बाळासाठी मात्र तो घातक ठरतो. सुईणीने हा क्रम बदलावा असं वाटत असेल तर खोलीत दुसरं कोणी तरी हवं.

दुसरी बाई

१९९५ पासून प्रत्येक गावात एक स्थानिक स्त्री निवडली गेली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली, गावात राहणारी, गावाने मान्य केलेली. तिला आरोग्यदूत म्हटलं गेलं. पहिलं वर्ष तिने फक्त बघितलं, मोजलं, लिहिलं. वजन, ताप, श्वास, आईचं दूध, रडणं. लगेच कामाला न लावता वर्षभर निरीक्षण करायला लावणं हा या प्रयोगातला मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्या वर्षात तिला निरोगी बाळ कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं, आणि गावाला तिची सवय झाली.

१९९६ पासून ती उपचार करू लागली. कामाची वाटणी स्पष्ट होती. बाळंतपण सुईणीचं, आई सुईणीची. बाळ बाहेर आलं की ते आरोग्यदूताच्या हाती. बाळ न रडल्यास १९९६ ते १९९९ या काळात नळी-मास्कने श्वास द्यायचा, म्हणजे बाळाच्या तोंडा-नाकावर मास्क आणि नळीतून फुंकर. १९९९ पासून फुगा-मास्क आला, हाताने दाबायचा. त्याबरोबर बाळ उबदार ठेवणं, पहिल्या तासात अंगावर पाजणं, जीवनसत्त्व 'के'चं इंजेक्शन, कमी वजनाच्या बाळासाठी ऊबदार पिशवी, आणि पुढच्या महिनाभर घरी येऊन तपासणी. पर्यवेक्षक दर पंधरा दिवसांनी गावात यायचा, नोंदी तपासायचा, सामान भरायचा. मोबदला केलेल्या कामाशी जोडलेला होता.

जंतुदोषाचा भाग सर्वांत वादग्रस्त होता. आरोग्यदूत बाळाला जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणार, तेही घरात! पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची का, यावर वैद्यकीय जगात आक्षेप येणं साहजिक होतं. त्यासाठी निदान साधं केलं गेलं: रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, बाळ सुस्त किंवा बेशुद्ध झालं, चोखणं कमी झालं किंवा थांबलं, पोट फुगलं किंवा उलट्या होतात, अंग गार पडलं किंवा तापलं, छाती आत ओढली जाते, त्वचेवर किंवा बेंबीत पू आहे, अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष समजायचा. पालकांना रुग्णालयात न्यायला सांगायचं, आणि ते नेऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने घरीच उपचार. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचाराआधी १६.६ टक्के होतं, उपचारानंतर २.८ टक्के झालं.

एका आकड्याकडे थांबून

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात बालमृत्यू दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता; तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलेली घट ६२ टक्के. हा आकडा खूप ठिकाणी उद्धृत होतो.

मला मात्र २००५ साली प्रसिद्ध झालेला दुसरा लेख जास्त महत्त्वाचा वाटतो, जो फक्त गुदमरलेल्या बाळांवर आहे. १९९६ ते २००३ या काळात ५,०३३ घरगुती बाळंतपणं झाली. त्यांतल्या ८४ टक्क्यांना आरोग्यदूत हजर होती. सौम्य गुदमरणं १४ टक्के बाळांवरून ६ टक्क्यांवर आलं, कारण पुसणं, चोळणं, तोंड साफ करणं ही साधी कामं वेळेत होऊ लागली. तीव्र गुदमरण्याचं प्रमाण बदललं नाही. पण अशा बाळांतली दगावणारी ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गुदमरल्यामुळे होणारे मृत्यू एकूण ६५ टक्क्यांनी घटले. एकट्या सुईणीच्या काळात हीच घट १२ टक्के होती, हे वर आलंच आहे. फुगा-मास्कचा खर्च वाचलेल्या एका जिवामागे तेरा डॉलर.

आकडे जपून वाचायला हवेत. हा काळाकाळातला फरक आहे; चिठ्ठ्या टाकून गावं वाटलेली नव्हती. सुईण एकटी असतानाचा काळ आणि जोडीचा काळ यांत साधनही बदललं, म्हणून दुसऱ्या बाईचा वाटा किती आणि मास्कचा किती, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. नळी-मास्कवरून फुगा-मास्कवर आल्यानंतरची सुधारणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरत नाही, कारण अशी बाळं मुळात थोडी. हे सगळं मान्य करूनही १२ आणि ६५ यांमधलं अंतर इतकं मोठं आहे की ते योगायोगावर सोडता येणार नाही.

आणि त्या ८४ टक्क्यांकडे पुन्हा बघा. वेणा रात्री सुरू होतात, वाट चिखलाची असते, घर गावाच्या टोकाला असतं. आरोग्यदूताला कोणी तरी बोलावल्याशिवाय ती पोचत नाही. शंभरातल्या ८४ घरी ती वेळेत पोचली, याचा अर्थ घरच्यांनी आणि सुईणीने तिला बोलावलं. सुईणीला ती वैरीण वाटली असती तर हे घडलं नसतं. नव्या कार्यकर्तीला आणताना जुनीचं काम काढून घेतलं नाही, तिचा मान, तिला घरातून मिळणारा मोबदला, तिचा आईवरचा हक्क तसाच राहिला. हा माझा अंदाज आहे, पण मला दुसरं स्पष्टीकरण सुचत नाही. दोन बायकांमधला विश्वास मोजणारा तक्ता कुठल्या लेखात नसतो, आणि इथे बरंच काही त्यावर उभं होतं.

हीच गोष्ट इतरत्रही दिसली. पाकिस्तानात सिंधमधल्या लारकानात सुइणींना शिकवून, प्रसूतीचं स्वच्छ साहित्य देऊन, 'लेडी हेल्थ वर्कर'शी जोडून दिलं, तेव्हा जन्माच्या आसपासचे बालमृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. झांबियात सुइणींना श्वास देण्याचं साधन आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण दिलं तेव्हा नवजात बालमृत्यूंत ४५ टक्के घट झाली. दोन्हीकडे प्रशिक्षणाबरोबर आणखी काही होतं.

कळा वाढवायची सुई

याच अभ्यासात एक बाजूला पडलेला निष्कर्ष आहे, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. बाळंतपण अडलं की घरचे गावातल्या किंवा शेजारच्या डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाला आणतात आणि तो कळा वाढवायची सुई देतो. ऑक्सिटोसिनसारखं हे औषध रुग्णालयात सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत दिलं जातं. घरात एकदम टोचलं तर गर्भाशय आवळून धरतं, बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. गडचिरोलीच्या नोंदींत जिथे अशी सुई दिली गेली तिथे बाळ तीव्र गुदमरण्याचा किंवा मेलेलं जन्मण्याचा धोका जवळपास तिप्पट आढळला.

सुईणीच्या प्रशिक्षणात 'सुई देऊ नका' हे शिकवलं जातं. ती देत नाहीच. ती देणारा दुसरा असतो, पुरुष असतो, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो आणि घरच्यांनी त्याला पैसे देऊन आणलेलं असतं. त्याला अडवायचं बळ सुईणीत कुठून येणार? त्या बळाला आधार लागतो. आपण नाही म्हटलं तर आपल्या पाठीशी कोणी तरी आहे, बाईला हलवायला गाडी येईल, दवाखान्यात तिला ओळखलं जाईल, हे तिला आणि घरच्यांना ठाऊक असावं लागतं. प्रशिक्षणाच्या कागदांत हा धडा मला क्वचितच दिसतो, आणि तो असल्याशिवाय घरगुती बाळंतपण सुरक्षित होणार नाही.

आईचं काय?

इथे या प्रयोगाची सीमा आहे आणि ती लपवू नये. बाळासाठी जे घरात जमलं ते आईसाठी जमत नाही. त्याच ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७७२ बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. निम्म्याहून जास्त, ५२.६ टक्के बायकांना बाळंतपणात किंवा नंतर काही ना काही आजार झाला. दहातल्या एकीचं बाळंतपण लांबलं. ३.२ टक्क्यांना बाळंतपणानंतर लगेच जास्त रक्तस्राव झाला. आणि १५.३ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूती-उपचारांची गरज पडू शकते असा निष्कर्ष निघाला, म्हणजे सातातली एक. आडवं आलेलं बाळ, फिट येणं, थांबत नसलेलं रक्त: यांवर घरात उपाय नाही. सुईण कितीही शिकलेली असो, रक्ताची पिशवी आणि शस्त्रक्रिया तिच्या पेटीत बसत नाही.

म्हणून घरगुती बाळंतपणाची बाजू घेऊन रुग्णालयाला विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही. गडचिरोलीचा प्रयोग घरी झाला, कारण बाळं घरी जन्मत होती.

नंतर

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, 'आशा' आली, जननी सुरक्षा योजना आली. रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे मिळू लागले. २००५-०६ मध्ये देशात ३९ टक्के जन्म रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात होत होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ८९ टक्क्यांच्या जवळ होते आणि महाराष्ट्रात ९५ टक्क्यांच्या जवळ. २०११ पासून नवजात बाळाची घरगुती काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा सहा वेळा जाते, घरी जन्मलेल्याच्या सात वेळा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. गडचिरोलीतली आरोग्यदूत अशा रीतीने देशभर पोचली.

जोडीतली सुईण मात्र वाटेत गळून पडली. राष्ट्रीय आराखड्यात आरोग्यदूताचं अर्धं प्रकरण आलं, सुईणीचं आलं नाही. घरचं बाळंतपण थांबवायचं असेल तर ते करणारीला कशाला पोसायचं, असा विचार त्यामागे असावा. तो समजतो, पण पटत नाही. सुईण बाईला आठव्या महिन्यापासून ओळखते. कोणत्या घरात सून उपाशी झोपते, कोणाला आधी मेलेलं बाळ झालं होतं, कोण दवाखान्याला घाबरते, हे तिला माहीत असतं. ज्या भागांत पावसाळ्यात वाट बंद होते, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रापाशी 'माहेरघर' बांधलं गेलं, बाईने दिवस भरायच्या आधीच येऊन राहावं म्हणून. परक्या जागी जायला ती तयार व्हायची असेल तर तिच्यासोबत सुईण आली पाहिजे, आणि सुईणीचा बुडालेला रोज भरून मिळाला पाहिजे. बाळंतपणात ओळखीची बाई जवळ असावी, हे आता सरकारी मार्गदर्शक सूचनांतही मान्य आहे.

आणि अजून एक गोष्ट. बाळंतपण घरातून उचलून उपकेंद्रात नेलं, तरी रात्री दोन वाजता तिथे असते कोण? बहुतेक ठिकाणी एक नर्स. २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात तिला श्वास देणं शिकवलेलं आहे, भिंतीवर तक्ता आहे, फुगा-मास्क टेबलावर आहे. बाळ रडत नाही आणि आईचं रक्त जातंय, हे एकाच वेळी झालं तर तिलाही हात दोनच आहेत. १९९४ साली गडचिरोलीतल्या सुईणीपुढे जी अडचण होती, तीच आता तिच्या खोलीत आली आहे. फरक इतकाच की दारापाशी, बाईच्या सासूसोबत, बाळंतपणं करण्यात हयात घालवलेली एक सुईण बसलेली असते आणि तिला आत बोलावलेलं नसतं. वार नीट पडली का हे ती बघू शकते, गर्भाशय आवळलं का हे हाताने पाहू शकते, आईशी बोलत राहू शकते, म्हणजे नर्सचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे राहतील. उपकेंद्राशी जोडलेल्या दोन सुइणींना यासाठी वर्षातून काही वेळा नर्सबरोबर एकत्र सराव करवून घ्यावा, आणि रात्री बोलावलं तर मोबदला द्यावा. नवीन इमारत लागत नाही, नवीन पद लागत नाही. ज्या तालुक्यांत आजही सुइणी हयात आहेत, तिथे हे येत्या काही वर्षांतच करता येईल. त्यांच्या मुली हे काम पुढे चालवत नाहीत.